मिस फॅनी फार्मर आणि तिचा सपाट चमचा

प्रतिवर्षीं ह्या अंकांत थोर स्त्रीपुरुषांचीं चरित्रें येत असतात. राज्यें जिंकणारे, अज्ञात समुद्र ओलांडणारे, रोगांवर औषधें शोधून काढणारे असे पुष्कळ थोर पुरुष वाचकांच्या परिचयाचे झाले आहेत. आज जिची हकीकत सांगावयाची आहे तिनें राज्य जिंकलें नाहीं कीं समुद्र ओलांडला नाहीं. सोळाव्या वर्षापासून तिला धड चालतांही येत नव्हतें. चमचाभर पिठावरून तिनें सुरीची पाठ फिरविली आणि वर आलेला ढीग खालीं पाडला, एवढेंच तिचें कर्तृत्व. काम इतकें क्षुल्लक दिसतें कीं त्यासाठीं चरित्र कशाला, असें कोणासही वाटेल. परंतु आज एखादी मुलगी पुस्तक समोर उघडें ठेवून घरच्या घरीं चॉकोलेटचा केक करते आणि तो पहिल्याच खेपेस साधतो, तेव्हां त्या यशांत ह्या बाईचा मोठा वांटा असतो.

प्रथम घरची एक गोष्ट सांगतों. माझी आजी वैनगंगेच्या कांठच्या एका खेड्यांतली. चैत्राच्या सुमारास पहांटे मोहाखालीं पडलेलीं फुलें वेंचून आणावयाचीं, उन्हांत वाळवावयाचीं, आंतले केसर झटकून टाकावयाचे, मंद आंचेवर फुलें भाजावयाचीं, आणि मग तीळ व गूळ घालून उखळांत कुटून लाडू वळावयाचे, हें तिचें दरसालचें ठरलेलें काम. चंद्रपूर आणि गडचिरोली हे तेव्हां एकच जिल्हा होते (ते 1982 सालीं वेगळे झाले), आणि त्या सबंध रानांत असे लाडू कोणास नवल नव्हते. पण आजीचे लाडू निराळे. प्रमाण विचारलें म्हणजे ती नुसता हात पुढें करी. ह्याची एक मूठ, त्याच्या दोन ओंजळी, आणि गूळ अदमासानें. आजी गेली. मोह अजून गळतो, तीळही मिळतात आणि गूळही मिळतो. पण तो लाडू आमच्या घरीं पुन्हां झाला नाहीं. मिस फार्मर हिचें चरित्र वाचतांना मला वरचेवर ही गोष्ट आठवत होती.

फॅनी मेरिट फार्मर हिचा जन्म अमेरिकेंतील बोस्टन शहरीं 23 मार्च 1857 रोजीं झाला. बाप छापखान्याच्या धंद्यांतला, आई कामसू व सुगरण. घरांत मुलीच मुली. फॅनी सर्वांत थोरली. कुटुंब जवळच्याच मेडफर्ड गांवीं राहत असे. मुलींना शिकवूं नये असें मानणारे लोक तिकडेही त्या काळीं होते, परंतु फार्मर दंपती त्यांतलें नव्हे. फॅनीनें हायस्कूल संपवून कॉलेजांत जावें असा आईबापांचा बेत होता, आणि मुलीची बुद्धि पाहतां तो सिद्धीस जाण्यास कांहीं अडचण दिसत नव्हती.

सोळाव्या वर्षीं तिला अकस्मात् पक्षघाताचा झटका आला. तो आजार पोलिओचा असावा असें आतां मानतात. कित्येक महिने ती अंथरुणास खिळून होती. पुढें कित्येक वर्षें तिला चालतां येईना. आणि चालूं लागली तेव्हांही एक पाय ओढूनच. डॉक्टरांनीं शाळा बंद करविली. कॉलेजाचा बेत तेथेंच संपला. ज्या वयांत बरोबरीच्या मुली परीक्षा देत होत्या, कोणी लग्न करून जात होत्या, त्या वयांत ही मुलगी खिडकीशीं बसून दिवस मोजीत होती. वाचक मुलामुलींनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. ह्या कथेंत पुढें जें कांहीं घडलें तें त्या दिवसांत कोणास स्वप्नांतही दिसलें नसेल.

हातपाय जरा हलूं लागल्यावर ती आईच्या स्वयंपाकघरांत वावरूं लागली. घरीं चार पैसे यावे म्हणून आईनें भाडेकरू ठेवले होते, त्यांच्या जेवणाची व्यवस्था घरांतच होई, आणि त्या जेवणाची गांवांत वाहवा होऊं लागली. पुढें फॅनी केंब्रिज गांवीं शॉ नांवाच्या कुटुंबांत घरकामास मदतनीस म्हणून राहिली. त्या घरांतील लहान मुलगी तिच्याजवळ पाककृति शिकावयास बसे. अक्रोडाएवढें लोणी घ्यावें, चहाचा एक पेला पीठ घ्यावें, चवीपुरतें अमुक घालावें, असें त्या काळचें बोलणें. त्यावर त्या मुलीनें विचारलें कीं अक्रोड केवढा आणि पेला कोणता. आणि फॅनीला उत्तर देतां आलें नाहीं. सपाट मापाची कल्पना त्यावरून निघाली असें सांगतात. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, प्रश्न मात्र खरा आहे, आणि लहान मुलांखेरीज तो कोणी विचारीतही नाहीं.

आतां बोस्टन शहराविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण चॉकोलेटचा संबंध येथें येतो. कोको हें मूळचें अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतील झाड. त्यास दमट हवा, सावली आणि बारमाही पाणी लागतें. म्हणून आपल्या देशांत तें केरळ, कर्नाटक, आंध्र, तामिळनाड ह्या बाजूस लावतात, आणि आपल्या चांद्याच्या उन्हाळ्यांत तें तग धरणार नाहीं. त्याच्या शेंगेंतील बिया आंबवून, वाळवून, भाजून दळल्या म्हणजे त्यांतील स्निग्धांश सुटून घट्ट काळसर लगदा होतो, आणि तो थिजवला म्हणजे वडी. ती मुळांत कडू असते. बोस्टनच्या वेशीवर नेपॉन्सेट नदीच्या कांठीं अशा वड्यांची गिरणी 1765 पासून चालू होती. जॉन हॅनन नांवाच्या आयरिश कारागिरास जेम्स बेकर ह्यानें भांडवल दिलें होतें. हॅनन पुढें परागंदा झाला आणि धंदा बेकर घराण्याकडे राहिला. नातवाच्या, म्हणजे वॉल्टर बेकर ह्याच्या, नांवानें ती कंपनी प्रसिद्ध झाली. आरंभीं लोक चॉकोलेट उकळून पीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें केकांत, पुडिंगांत, वड्यांत पडूं लागलें. महाग, लहरी, आणि चुकलें तर सबंध भांडें वांया घालविणारें असें हें द्रव्य. भातांत मूठभर तांदूळ जास्त पडले तर कांहीं बिघडत नाहीं. चॉकोलेटच्या केकांत चमचाभर पीठ जास्त पडलें तर त्याचें ढेंकूळ होतें. अदमासानें चालणाऱ्या स्वयंपाकघरांत मापाची गरज प्रथम भासली ती अशा पदार्थांमुळें.

1887 सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, धाकट्या बहिणींच्या व शॉ कुटुंबाच्या आग्रहावरून फॅनीनें बोस्टनच्या स्वयंपाकशाळेंत नांव घातलें. ही शाळा 1879 मध्यें स्थापन झालेली. स्वयंपाक शिकविणाऱ्या शिक्षिका तेथें तयार होत. वर्गांतील बहुतेक मुलींपेक्षां ही विद्यार्थिनी वयानें मोठी, पायानें अधू, आणि अभ्यासाला हापापलेली. 1889 मध्यें ती उत्तीर्ण झाली तेव्हां शाळेनें तिला सोडलेंच नाहीं. दुय्यम अध्यापिका म्हणून ठेवून घेतलें, आणि 1894 सालीं ती तेथील मुख्य झाली. ह्यापुढें आपणही तिला मिस फार्मर असेंच म्हणावें हें बरें.

एक गोष्ट येथें प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. मापून स्वयंपाक करण्याची कल्पना मिस फार्मर ह्यांनीं शून्यांतून काढली नाहीं. त्याच शाळेंतील मिसेस मेरी लिंकन ह्यांचें पुस्तक 1884 सालींच निघालें होतें, आणि त्यांतही मापें होतीं. परंतु कोठें चमचा शिगेचा, कोठें फुगीर, कोठें सपाट, असा घोळ तोंवर चालू होता. मिस फार्मर ह्यांनीं हा घोळ मिटविला. चमचा म्हणजे सपाट चमचा. पेला म्हणजे कांठोकांठ सपाट पेला. दुसरा अर्थ नाहीं. पीठ आधीं चाळावें. मग चमच्यानें हलकेंच पेल्यांत भरावें; आपटूं नये, दाबूं नये, कारण दाबलेलें पीठ त्याच पेल्यांत कितीतरी अधिक मावतें. वर आलेला ढीग सुरीनें कापून टाकावा. अर्धा चमचा हवा असेल तर सपाट चमच्याचे सुरीनें लांबीकडून दोन भाग करावे. पाव हवा असेल तर त्या अर्ध्याचे आडवे दोन. तीन लहान चमचे म्हणजे एक मोठा चमचा, सोळा मोठे चमचे म्हणजे एक पेला. हा पेला आपल्या हिशेबानें सुमारें 240 मिलिलिटर भरतो. पाव, अर्धा, पाऊण आणि तृतीयांश अशा रेघा पाडलेले पत्र्याचे पेले दुकानांत मिळत. ते घरोघर असावे असा त्यांचा आग्रह.

आपल्याकडील वृद्ध मंडळींस ह्यांतील मर्म लगेच कळेल. धानाची पायली प्रत्येक गांवीं निराळी असे, आणि देणाऱ्याची व घेणाऱ्याची पायली तर एकाच घरांत निराळी असे. आपल्या देशांत 1956 च्या कायद्यानें किलो, ग्रॅम, लिटर आले आणि बाजारांतील तंटा पुष्कळसा मिटला. बोस्टनच्या ह्या बाईनें साठ वर्षें आधीं तोच न्याय चुलीपाशीं नेऊन बसविला होता.

1896 सालीं त्यांनीं आपलें पुस्तक सिद्ध केलें. शाळेच्या नांवावरून त्यास बोस्टन स्वयंपाकशाळेचें पाकपुस्तक असें नांव दिलें. त्यांत अठराशेंहून अधिक कृति. आणि आरंभींच अन्नाचें रसायन, म्हणजे पाणी, क्षार, पिष्ट, साखर, स्निग्ध पदार्थ हे शरीरांत काय करतात ह्याचें विवेचन. लिटल ब्राउन ह्या प्रकाशकांस हें पुस्तक खपेल असा भरंवसा नव्हता. बायकांच्या पाककृतींचें आणखी एक बाड, असें त्यांना वाटलें असावें. त्यांनीं पहिल्या 3,000 प्रतींचा खर्च मिस फार्मर ह्यांच्याकडूनच घेतला. परंतु पैसा बाईंचा म्हणून हक्कही बाईंकडेच राहिले, आणि हा सौदा प्रकाशकांस फार महाग पडला. मिस फार्मर ह्यांच्या हयातींतच साडेतीन लाखांहून जास्त प्रती खपल्या, आणि पुढील शतकांत ती संख्या चाळीस लाखांच्या घरांत गेली. एका अपंग, अविवाहित शिक्षिकेस त्यानें स्वतःच्या पायांवर उभें केलें असें म्हणावेंसें वाटतें. शब्द जरा विचित्र पडतो खरा.

ह्याच पुस्तकांत ब्राउनी हा पदार्थ आहे, आणि मुलांस तो ऐकून तरी ठाऊक असेल. गंमत अशी कीं 1896 च्या आवृत्तींत ब्राउनी आहे, पण तींत चॉकोलेट मुळींच नाहीं! काकवीनें रंगलेले, पिकॅन नांवाची अक्रोडासारखी गिरी घातलेले, लहान लहान सांच्यांत भाजलेले ते केक होते. चॉकोलेटची ब्राउनी 1906 च्या सुधारलेल्या आवृत्तींत आली. तिची मूळ कल्पनाही मिस फार्मर ह्यांचीच होती असें म्हणतां येत नाहीं, कारण दोन वर्षें आधीं कांहीं स्त्रीमंडळांच्या पाकसंग्रहांत ती छापली गेली आहे. पण घरोघर ती गेली ती बहुतांशीं ह्या पुस्तकाच्या द्वारें, आणि मापासह गेली म्हणून टिकली.

ती कृति इतकी थोडक्यांत आहे कीं येथें आपल्या शब्दांत देण्यास हरकत नाहीं. साखर एक पेला, पातळ केलेलें लोणी पाव पेला, न फेंटलेलें एक अंडें, वितळविलेल्या बेकर चॉकोलेटच्या दोन वड्या, व्हॅनिलाचा अर्क पाऊण लहान चमचा, पीठ अर्धा पेला, अक्रोडाचे तुकडे अर्धा पेला. ह्याच क्रमानें एकांत एक मिसळावें. सात इंची चौकोनी भांड्यास मेणकागद लावून त्यांत सारखें पसरावें आणि मंद भट्टींत भाजावें. बाहेर काढतांच उपडें करून कागद सोलावा व धारदार सुरीनें पट्ट्या कापाव्या. उशीर केला तर कागद चिकटून बसतो.

बेकरची वडी म्हणजे तेव्हां एक औंस, सुमारें 28 ग्रॅम, आणि तींत साखर नसे. तशी वडी आपल्या गांवांत मिळणें कठीण. परंतु एका वडीच्या जागीं कोको पूड तीन मोठे चमचे आणि लोणी एक मोठा चमचा घेतल्यास काम भागतें. अर्थात् चमचे सपाट! वडी मिळालीच तर ती उघड्या आंचेवर कधींही ठेवूं नये, करपते. आधणाच्या भांड्यावर दुसरें भांडें ठेवून त्यांत वितळवावी, आणि त्यांत पाण्याचा थेंबही जाऊं देऊं नये. कोरड्या चॉकोलेटांत थोडेंसें पाणी गेलें कीं त्यांतील साखर व कोकोचे कण एकमेकांस धरतात आणि गुळगुळीत रसाचा खरबरीत गोळा होतो. भट्टी नसलेल्या घरीं जाड बुडाच्या पातेल्यांत दोन बोटें वाळू तापवून, तींत लहानशी तिवई व तिजवर भांडें ठेवून, झांकणावर चार निखारे ठेवले तर तीस-पस्तीस मिनिटांत भाजून होतें.

अक्रोड आमच्याकडे काश्मीरचा, म्हणून महाग. परंतु चारोळी रानची आहे. अर्धा पेला चारोळी घातली तर ती चॉकोलेटांत अक्रोडापेक्षां मऊ लागते, आणि माझ्या मतें अधिक चांगली. वाळलेलीं मोहाचीं फुलें केसर काढून, भाजून, बारीक कापून बेदाण्याच्या जागीं घातलीं तर चालतात. पण तीं स्वतः गोड असल्यामुळें साखर दोन मोठे चमचे कमी करावी. नागपुरी संत्र्याची वरची केशरी साल किसून एक लहान चमचा घातली तर चॉकोलेटशीं तिचें फार जमतें. किसणी पांढऱ्या भागापर्यंत गेली तर मात्र कडवट होतें. आवळ्याचा मुरावळा निथळून, चिरून घालावा. जांभूळ तसेंच घालूं नये. त्यांत पाणी फार, केक मध्यभागीं ओलाच राहतो. गर आधीं साखरेंत आटवून घट्ट करावा आणि मग मधून मधून ठिपके द्यावे. सीताफळाच्या वाटेस तर भट्टींत जाऊंच नये, कारण त्याचा गर तापला कीं कडू होतो. तो गार झालेल्या केकावर पसरावा. हे फेरफार करतांना एक पथ्य मिस फार्मर ह्यांच्या रीतीस धरूनच आहे: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि किती बदलली तें लिहून ठेवावें.

असो. ब्राउनीच्या मागें लागून चरित्र मागें राहिलें.

1902 सालीं मिस फार्मर ह्यांनीं जुनी शाळा सोडून बोस्टनमध्येंच स्वतःच्या नांवाची स्वयंपाकशाळा काढली. शिक्षिका तयार करण्यापेक्षां घरच्या गृहिणींस शिकवावें असें त्यांना वाटूं लागलें होतें. त्यांचे प्रयोगाचे वर्ग शहरांत इतके गाजले कीं वर्तमानपत्रें त्यांचे वृत्तांत छापीत. तांबूस केसांची, चष्मा लावलेली ही बाई लंगडत व्यासपीठावर येई आणि चार शब्दांत सभा जिंकी. उपाहारगृहांत एखादें नवें कालवण आवडलें आणि त्यांतील द्रव्यें ओळखतां आलीं नाहींत, तर त्याचा थेंब आपल्या नांवाच्या चिठ्ठीवर घेऊन ती पाकिटांत घालून घरीं नेत आणि तेथें त्याचा उलगडा करीत, असें सांगतात. धाकटी बहीण कोरा हिच्या मदतीनें एका स्त्रियांच्या मासिकांत त्यांनीं सुमारें दहा वर्षें पाककृतींचें सदर चालविलें.

परंतु ह्या सर्वांहून एक काम त्यांना स्वतःला मोठें वाटे. 1904 मध्यें त्यांनीं आजारी व आजारांतून उठलेल्या माणसांच्या आहाराविषयीं पुस्तक लिहिलें. ज्या बाईनें स्वतःच्या तारुण्याचीं कित्येक वर्षें अंथरुणावर काढलीं, तिला रोग्याचें ताट काय असतें तें पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. दूध किती, साखर किती, थोड्या थोड्या वेळानें काय द्यावें, ताटलींत तें कसें मांडावें म्हणजे कंटाळलेल्या जिवास खावेंसें वाटेल, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांनीं लिहिल्या. परिचारिकांना त्या शिकवीत. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयांत त्यांचीं व्याख्यानें झालीं. ज्या मुलीचें कॉलेज सोळाव्या वर्षीं बुडालें, तिच्यासमोर देशांतील एका श्रेष्ठ विद्यापीठाचे विद्यार्थी वह्या उघडून बसले! मधुमेहावरील उपचारांत पुढें ज्यांचें मोठें नांव झालें त्या डॉक्टर एलिअट जॉस्लिन ह्यांनीं मधुमेहावर लिहिण्याची पहिली प्रेरणा आपणांस मिस फार्मर ह्यांच्याकडून मिळाल्याचें मान्य केलें आहे. येथें हेंही ध्यानांत येतें कीं सपाट चमच्याचा खरा उपयोग केकापेक्षां रोग्याच्या पेजेंत अधिक आहे. केक बिघडला तर हंसून सोडतां येतो. मधुमेह्याच्या पेल्यांत साखर अदमासानें पडून चालत नाहीं.

त्यांच्या पद्धतीस नांवें ठेवणारेही होते आणि आहेत. मापानें स्वयंपाक सारखा होतो पण जिवंत होत नाहीं, हातांतली चव सुरीनें कापून टाकली, असें त्यांचें म्हणणें. ह्यांत थोडें तथ्य आहे. मिस फार्मर ह्यांची स्वतःची पाककला तरी सर्वस्वीं मापाच्या आधीन कोठें होती? त्या काळच्या लांकडा-कोळशाच्या भट्टीची उष्णता मंद, मध्यम कीं तीव्र हें अनुभवानेंच ओळखावें लागे. चमचा तेथें पोंचत नव्हता. पण हातांतली चव हातांतच राहिली तर ती लेकीस मिळते, सुनेस कदाचित् मिळते, आणि दूर गांवच्या पोरक्या मुलीस मुळींच मिळत नाहीं. मिस फार्मर ह्यांचें पुस्तक मुख्यतः ह्या तिसऱ्या मुलीसाठीं होतें. आपल्या महाराष्ट्रांत लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचा गृहिणीमित्र हा हजार पाकक्रियांचा ग्रंथ 1910 सालीं निघाला, आणि 1970 मध्यें कमलाबाई ओगले ह्यांच्या रुचिरा ह्या पुस्तकानें वाटी आणि चमचा हें प्रमाण मराठी घरांत रूढ केलें. घर सोडून नोकरीनिमित्त लांब गेलेल्या किती मुलींनीं त्या वाटीवर संसार उभे केले असतील, तें त्यांच्या आयांनीं सांगावें.

आयुष्याच्या अखेरच्या सात वर्षांत मिस फार्मर ह्यांना पुन्हां पक्षघातानें गांठलें आणि चाकांची खुर्ची नशिबीं आली. वर्ग बंद पडले नाहींत. खुर्ची व्यासपीठावर नेत, मदतनीस मुली भांडीं हलवीत, आणि बाई बसल्या जागेवरून शिकवीत. आधींच्या पुस्तकाच्या आवृत्त्या सुधारणें चालूच होतें. 1912 मध्यें आणखी एक नवें पाकपुस्तक निघालें. 1915 च्या जानेवारींत त्यांनीं शेवटचें व्याख्यान दिलें, आणि त्यानंतर सुमारें दहा दिवसांनीं, त्याच महिन्यांत, बोस्टन येथें त्यांचा अंत झाला. वय सत्तावन्न. त्यांची शाळा त्यांच्यामागें मिस ॲलिस ब्रॅड्ली ह्यांनीं 1944 पर्यंत चालविली.

गेल्या उन्हाळ्यांत मी मापाचा पेला पिशवींत घालून आजीच्या गांवीं गेलों होतों. तेथें आतां आजीच्या जावेची सून आहे, वय ऐंशीच्या पुढें; मोहाचे लाडू जवळजवळ आजीसारखे करते. काकूंना प्रमाण विचारलें नाहीं. त्यांनीं नेहमींप्रमाणें मूठ भरावी आणि उखळांत टाकण्याआधीं माझ्या पेल्यांत सोडावी, एवढीच विनंति केली. त्यांना हा पोरकटपणा वाटला, पण त्यांनीं मानलें. भाजलेल्या मोहाच्या दोन ओंजळी म्हणजे तीन पेल्यांस दोन मोठे चमचे कमी. तिळांची मूठ म्हणजे पाव पेला आणि वर एक चमचा. हें तीनदां मोजलें आणि तिन्ही वेळां जवळजवळ तेंच भरलें. गुळाच्या वेळीं मात्र त्यांनीं खडा हातांत घेतला, दोनदां वर खालीं हलविला, त्यांतला एक तुकडा फोडून परत डब्यांत ठेवला आणि उरलेला उखळांत टाकला. तो पेल्यांत मावणारा नव्हता. येत्या चैत्रांत तराजू घेऊन जावयाचें ठरविलें आहे.